दुखणं आधी, मार नंतर

त्या दिवशी सकाळी नवऱ्याने मला मारलं नव्हतं. हे आधी सांगते, कारण पुढे दवाखान्यात सगळं याच एका गोष्टीवर अडलं. नऊच्या सुमाराला मी ओट्यापाशी नारळ खवत होते आणि छातीत दुखायला लागलं. तेव्हा घरात कुणी माझ्या अंगाला हात लावलेला नव्हता.

दुखणं कसं होतं, हे डॉक्टरांनी नंतर पुन्हा पुन्हा विचारलं. मी सांगितलं, छातीवर पाटा ठेवावा आणि पाट्यावर कुणीतरी बसावं, तसं. डावा हात खांद्यापासून जड झाला. खालचा जबडा दुखला, दात नसलेल्या जागासुद्धा दुखल्या. घाम असा आला की पाठीला पोलकं चिकटलं. हातातली नारळाची वाटी खाली पडली आणि ती उचलायला मला वाकता येईना.

दुसरी कुठलीही बाई खाली बसली असती, कुणाला तरी हाक मारली असती. मी आतल्या खोलीत गेले, ट्रंकेतून पट्टा काढला आणि छातीला आवळून बांधला.

पट्ट्याचं सांगायला पाहिजे. माझा जन्म बेळगावकडच्या एका खेड्यातला. तिथल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि पुढे लग्न होऊन बेंगळुरात आले. सासरची माणसं इथे कित्येक पिढ्यांची. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. नवऱ्याचं चामराजपेटेत शिवणाचं दुकान होतं. कोट, सफारी, शाळांचे युनिफॉर्म. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने मला कापड मोजायच्या लाकडी गजाने मारलं आणि बरगडी मोडली. कशावरून मारलं ते आता आठवत नाही, गज कुठल्या बाजूने लागला ते आठवतं. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, बरगडीला प्लास्टर करता येत नाही, घट्ट बांधून ठेवा आणि पडून राहू द्या. नवरा मला घेऊन घरी आला, टेप काढली, माझ्या छातीचं माप घेतलं. "श्वास सोड. आता धर," म्हणाला. गिऱ्हाइकाला म्हणतो तसंच. मग मशीनवर बसला. बाहेरून कॅनव्हास, मध्ये कॉलरीत घालतात त्या कडक बकरमचे दोन थर, आतून मऊ मांजरपाट, पुढे चार हूक. पट्टा उत्तम झाला होता, हे कबूल करायला पाहिजे. शिवणीत त्याने दोन इंच माया ठेवली होती. मी जाड झाले तेव्हा ती उसवून पट्टा मोठा करता आला.

तो पट्टा मी शेहेचाळीस वर्षं वापरला. रोज नाही. मारल्यावर आठ-पंधरा दिवस, बरगडी मोडली असेल तर महिनाभर. दुखायचं, बांधायचा, दोन दिवसांनी जरा उठता-बसता यायचं. त्यामुळे डोकं दुखलं की सुंठ आणि छाती दुखली की पट्टा, एवढंच मला माहीत होतं. हृदय वगैरे डोक्यात आलं नाही. मार न खाता छाती दुखू शकते, हेच मला त्या वयापर्यंत माहीत नव्हतं.

पट्टा बांधल्यावर श्वास आणखी कमी झाला. भिंतीला टेकून उभी होते, तेवढ्यात नवरा आत आला. दुपारी जेवायला त्याची थोरली बहीण मल्लेश्वरमहून येणार होती. स्वयंपाक कुठपर्यंत आला, ते बघायला तो आला होता. मला बघून दारातच थांबला.

"हे काय घातलंयस?"

"छातीत दुखतंय."

"मी हात लावला का तुला आज?"

"नाही."

"काल लावला?"

"नाही."

"मग कुणासाठी घातलंयस? अक्का यायच्या वेळेला बरोबर पट्टा निघाला ट्रंकेतून?"

"दुखतंय म्हणून घातला. मला कुणाला काही दाखवायचं नाही."

"काढ."

मी म्हटलं, "जरा वेळाने काढते. आत्ता हात उचलत नाही."

त्या घरात पट्ट्याचा एकच अर्थ होता. तो बांधला म्हणजे त्याने मारलं. आता मारलेलं नसताना बहिणीपुढे पट्टा दिसणार, म्हणजे न केलेल्या गोष्टीचा आळ येणार, हे त्याला सहन होईना. तो स्वतः हूक काढायला आला. हूक घट्ट बसले होते, निघेनात. दोनदा ओढून बघितलं आणि मग त्याने मूठ वळून पट्ट्यावरूनच छातीत मारली. एक, आणि लगेच दुसरी. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण जन्मभर जाड कापडावर कात्री चालवलेला हात. त्या हाताची ताकद जात नाही. मी मागे पडले. मागे त्याचं पायमशीन होतं. उजव्या कानाच्या मागे डोकं लोखंडी चाकावर आपटलं. मी खाली पडल्यावर त्याने कुशीत लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला मला उलटी झाली. उलटीची त्याला पहिल्यापासून किळस. तो बाजूला झाला आणि पाय पुसायला फडकं शोधायला लागला.

मुलगा बनशंकरीला राहतो. आत्या येणार म्हणून तो मिठाई घेऊन साडेनऊला आला. मी मशीनपाशी पडलेली, लुगडं खराब झालेलं, ओठ पांढरे. त्याने मला काही विचारलं नाही. बापाकडे बघितलं.

"अण्णा, डॉक्टरकडे न्यायला पाहिजे."

"ने की. मी पण येतो. बच्चलात पडली म्हणायचं."

न्हाणीघराला आमच्याकडे बच्चल म्हणतात. "बच्चलात पडली" हे आमच्या घरातलं जुनं वाक्य. हात मोडला तेव्हा हेच, भुवई फुटली तेव्हा हेच, एका बाळंतपणाआधी पोटावर लागलं आणि मूल गेलं तेव्हाही हेच. मीही तेच सांगत आले. इतक्या वेळा पडूनही त्या बच्चलातली फरशी कुणी कशी बदलली नाही, हे एकाही डॉक्टरने विचारलं नाही.

मुलाने मला उचलून रिक्षात घातलं. मला लुगडं बदलायचं होतं, त्याने बदलू दिलं नाही. ते एक त्याने बरं केलं. नणंद बारा वाजता आली, दाराला कुलूप बघून परत गेली. त्याचं ती अजून बोलते.

दोन गल्ल्यांपलीकडे नर्सिंग होम आहे. रविवार असल्यामुळे मोठे डॉक्टर नव्हते, ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. मुलाने तिला कन्नडमधून सगळं सांगितलं. बच्चलात पाय घसरला, छाती दगडी कट्ट्यावर आपटली, तेव्हापासून दुखतंय. नवरा मान हलवत होता. "वयस्सायितु," म्हणाला. म्हणजे वय झालं.

डॉक्टरणीने पट्ट्याच्या वरून आणि खालून दाबून बघितलं.

"इथे दुखतं का अम्मा?"

दुखत होतं. मारलेल्या ठिकाणी दाबलं तर दुखणारच. मी हो म्हटलं. तिला सगळं पटलं. पडली, छाती आपटली, दाबलं की दुखतं, घरच्यांनी पट्टाही बांधून आणला. दुखणं थांबायचं इंजेक्शन कमरेत दिलं आणि एक्स-रे काढायला सांगितला. मीही तोंड मिटून होते. मला वाटलं, एक्स-रे होईल, गोळ्या देतील, घरी जाऊन पडेन.

एक्स-रेसाठी पट्टा काढायला नर्स आली. ती चिकोडीकडची होती. मी हूक दाखवताना मराठीत बोलले तर तीही मराठीत बोलायला लागली.

"आज्जी, हे कुठून घेतलासा? दुकानात असलं मिळत नाही."

"घरी शिवलंय."

"कोण शिवलंय? शिवण लई भारी आहे."

तिने हूक काढून बघितले, जमेना, शेवटी कात्रीने पट्टा कापला. कापताना तिचा हात माझ्या मानेला लागला.

"घाम किती हा, आज्जी. पडून कुणाला एवढा घाम येतो काय?"

"सकाळपासून येतोय."

"आणि हात कशाला चोळून घेताय?"

"जड झालाय."

तिने मला एक्स-रेला नेलंच नाही. कोपऱ्यातलं ईसीजीचं मशीन ओढून आणलं, छातीवर थंड जेल लावून वायरी चिकटवल्या. मशीनमधून कागद बाहेर आला. तो हातभर लांब झाल्यावर तिने फाडला, एकदा बघितला आणि बाहेर गेली. पळाली नाही, पण जाताना वाटेतलं स्टूल तिने पायाने उडवलं, ते आडवं झालं आणि ते उचलायला ती थांबली नाही.

मग सगळेच घाईला लागले. डॉक्टरीण आली, कागद बघितला, दुसरा काढायला लावला, तोही बघितला. हाताला सुई लावली. जिभेवर गोळी, मग चार गोळ्या चावायला. नाकाला नळी. मुलाला तिने पलंगाजवळ बोलावलं आणि सांगितलं की हा मोठा हार्ट अटॅक आहे, हृदयाला रक्त नेणारी एक नस बंद झाली आहे. मोठ्या हॉस्पिटलात नेऊन तार घालून ती उघडायला पाहिजे. पण तिने फोन केला होता. तिथे दुसरा पेशंट आत होता, वाट बघावी लागणार होती. तेवढा वेळ घालवला तर हृदय जाईल. म्हणून ती इथेच एक इंजेक्शन देणार होती. त्याने रक्ताची गुठळी विरघळते.

"पण ते द्यायच्या आधी मी विचारते त्याचं नीट उत्तर द्या," ती म्हणाली. "या औषधाने अंगात दुसरीकडे कुठे जखम असेल तर तिथून रक्त वाहतं. डोक्यात वाहिलं तर थांबवता येत नाही. कधी अर्धांग झालंय?"

"नाही," मुलगा म्हणाला.

"मोठं ऑपरेशन? पोटातून रक्त?"

"नाही."

"आज पडताना डोक्याला लागलं?"

मुलगा बापाकडे बघायला लागला. त्याला खरंच माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं.

"डोक्याला काही नाही," नवरा म्हणाला. "फक्त छाती."

माझा अंबाडा घट्ट असतो. त्याच्या खाली कानामागे सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं आणि तिथे ओलं लागत होतं. वरून दिसत काही नव्हतं. नर्सने कपाट उघडून छोटी बाटली काढली आणि सुईत औषध ओढायला लागली.

मला मरायची भीती वाटत नव्हती, असं मी म्हणणार नाही. वाटत होती. पण त्याहून जास्त राग आला. गप्प राहिले तर औषध अंगात जाईल, डोक्यात रक्त होईल, मी मरेन आणि कागदावर लिहिलं जाईल की म्हातारी बच्चलात पडून मेली. नवरा दाराशी उभा राहून आलेल्या-गेलेल्यांना तेच सांगेल. मुलगा मान हलवेल. शेहेचाळीस वर्षं मी ते वाक्य त्याच्यासाठी बोलले, आता माझ्या मरणावरही तेच चिकटणार.

मी म्हटलं, "डोक्याला लागलंय." कन्नडमध्ये म्हटलं, म्हणजे मध्ये कुणी सांगणारा नको.

"तिला भ्रम झालाय," नवरा म्हणाला.

नर्सने सुई खाली ठेवली. माझा अंबाडा सोडला, केसात बोटं घातली. बोटं बाहेर काढली तेव्हा त्यांना रक्त होतं. ते तिने डॉक्टरणीला दाखवलं.

"पडताना लागलं?" डॉक्टरणीने विचारलं.

"मी पडले नाही. यांनी मारलं. मशीनच्या चाकावर डोकं आपटलं."

"आणि छातीवर?"

"छातीवर पण मारलं. मुठीने."

आता ती आणखीच गोंधळली. ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. छातीवर जोराचा मार बसला तरी हृदयाला इजा होते आणि तोही कागद असाच काहीसा येऊ शकतो. नस बंद झाली असेल तर उपचार वेगळा, माराने झालं असेल तर वेगळा. ती माझ्या तोंडाजवळ वाकली.

"अम्मा, नीट आठवून सांगा. मारल्यावर दुखायला लागलं, की आधीपासून दुखत होतं?"

"दुखणं आधी. मार नंतर."

"नक्की?"

"नक्की. दुखलं म्हणून मी पट्टा बांधला. पट्टा बांधला म्हणून यांनी मारलं."

डॉक्टरणीला यातलं काही कळलं नाही. नर्सला कळलं. कापलेला पट्टा अजून स्टुलावर पडला होता. तिने तो उचलून उलटा केला, आतल्या मांजरपाटावरचे जुने डाग बघितले, आणि नवऱ्याकडे बघून मराठीत विचारलं, "तुम्हीच टेलर काय?"

नवरा तिच्याकडे गेला नाही, माझ्याकडे आला. "काय बडबडतेस चार लोकांत," म्हणत त्याने माझा हात धरला, तोच ज्याला सुई लावली होती. हिसडा दिला. सुई निघाली, चिकटपट्टीबरोबर कातडी निघाली आणि रक्त चादरीवर उडालं. बाटलीचा स्टँड माझ्या पायांवर पडला. मुलगा "अण्णा, अण्णा" एवढंच म्हणत उभा होता. नर्सने स्टीलचा ट्रे दोन हातांनी धरला आणि नवऱ्याच्या छातीला लावून त्याला ढकलत दारापर्यंत नेलं. तो शिव्या देत होता. ती म्हणत होती, "हो मामा, हो मामा, बाहेर." दाराबाहेर गेल्यावर तिने कडी लावली.

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला त्याला ढकलताना बघितलं. तो सहज ढकलला गेला. वजन काहीच नव्हतं त्याचं.

गुठळी विरघळायचं इंजेक्शन रद्द झालं. डॉक्टरणीने पुन्हा फोन केला, या वेळी जोरात बोलली आणि ॲम्ब्युलन्स मागवली. नर्स माझ्याबरोबर बसली. मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी. नवऱ्याला त्यांनी घेतलं नाही.

पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. एका सिग्नलला गाडी अडकली, पुढे बस, बाजूला रिक्षा, सायरनला कुणी जागा देईना. तिथे माझं हृदय थांबलं. शेवटचं आठवतं ते नर्स म्हणत होती, "आज्जी, माझ्याकडे बघा." मग ती स्ट्रेचरवर गुडघा टेकून चढली आणि दोन्ही तळहातांनी माझी छाती दाबायला लागली. दाबणं म्हणजे हळू दाबणं नाही. छाती दोन इंच आत गेली पाहिजे, इतक्या जोराने. बरगड्या मोडल्याचा आवाज मुलाने पुढे बसून ऐकला. गाडीतल्या माणसाने पोलकं फाडून छातीला दोन चकत्या चिकटवल्या आणि झटका दिला. अंग उडालं. पुन्हा दाबलं. दुसऱ्या झटक्याला हृदय चालू झालं. मुलगा म्हणतो, तो सगळा वेळ रस्त्याकडे बघत होता. मागे वळून माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणीही तो भिंतीकडेच तोंड करून बसायचा.

मोठ्या हॉस्पिटलात आधी डोक्याचा फोटो काढला. आत रक्त नव्हतं. मग थंड खोलीत नेऊन मनगटातून तार घातली. मी जागी होते. छातीत तार फिरलेली कळत नाही, मनगटात कळते. पडद्यावर माझं हृदय दिसत होतं, काळ्या मुळ्या फुटल्यासारखं. एक मूळ मध्येच तुटलेलं होतं. तिथे त्यांनी फुगा फुगवला, जाळी बसवली आणि ते मूळ खालपर्यंत भरलं. दुखणं तिथल्या तिथे गेलं. नळ बंद करावा तसं गेलं. नंतर उरलं ते बरगड्यांचं.

तिसऱ्या दिवशी नर्सिंग होमची ती नर्स मला बघायला आली. तिची सुट्टी होती. तिने संत्री आणली होती.

"आज्जी, तुमच्या बरगड्या मीच मोडल्या. चार. राग धरू नका."

"चारच? मी मोजून ठेवलेल्या नाहीत. आधीच्या किती आणि तुझ्या किती, ते डॉक्टरला विचार."

"विचारलं. जुन्या पाच दिसतात म्हणे."

"मग तू एकाने कमी."

ती हसली आणि मग रडायला लागली. मी म्हटलं, संत्रं सोल, मला हात वर करता येत नाही.

मारहाण झाली असं पेशंटने सांगितलं की हॉस्पिटलला पोलिसांना कळवावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी सांगितलंच असतं. पोलीस यायच्या आधी मुलगा आला.

"आई, ते जबाब घ्यायला येतायत. पडले म्हण. जे झालं ते झालं, आता तू बरी आहेस."

"मी बरी आहे कारण पडले म्हटलं नाही."

"अण्णांचं वय बघ."

"माझं बघितलंस?"

मग संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत नवरा आला. इस्त्रीचा सदरा घालून पायथ्याशी उभा राहिला. माझ्याकडे न बघता मशीनकडे बघत होता, जिथे हृदयाचे ठोके दिसतात.

"कसं वाटतंय?"

"दुखतंय."

"पोलीस आले तर पडले म्हण. या वयात मला स्टेशनात बसवणार काय तू?"

"बसा की. तिथे बाक असतो म्हणतात."

त्याची मूठ वळली. पलंगाच्या कठड्यावर होती ती, मला दिसली. मशीनवरचे आकडे वाढायला लागले आणि ते किणकिणायला लागलं. एक नर्स आली, तिने आकडे बघितले, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सार, टाईम झाला." तो गेला.

हेड कॉन्स्टेबल आणि एक बाई कॉन्स्टेबल असे दोघं आले. मी सगळं सांगितलं. सकाळचं सांगितलं, मागचंही जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. हेड कॉन्स्टेबलला लवकर संपवायचं होतं. तो म्हणाला, "अज्जी, फक्त या वेळचं सांगा." बाई म्हणाली, "सांगू दे, सार." त्यांनी अंगठ्यासाठी शाई काढली. मी म्हटलं, मला सही येते. सही केली. कोर्टात जायचं का, असं विचारलं. मी म्हटलं, कोर्टाच्या पायऱ्या चढायला डॉक्टर परवानगी देणार नाहीत. तो माझ्या घरात राहणार नाही, एवढं लिहून घ्या. त्यांनी त्याला स्टेशनात बोलावून तसा मुचलका लिहून घेतला. पाच तास बसवून ठेवलं होतं. बाकावरच.

मी दहा दिवसांनी घरी आले. मुलगा म्हणाला बनशंकरीला चल. नवरा तिथे होता, मी कशाला जाऊ. चामराजपेटेतल्या आमच्या घरात मी एकटी राहायला लागले. गोळ्या सकाळी चार, दुपारी एक, रात्री तीन. एक गोळी रक्त पातळ ठेवते. ती चुकवली तर जाळी बंद होईल, आणि ती चालू असताना डोक्याला मार लागला तर रक्त थांबणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं होतं. वर्षभर तरी घ्यायची होती. म्हणजे त्या वर्षात त्याचा एक हात पडला तरी मी मेले. हे मी मुलाला सांगितलं. त्याने बापाला सांगितलं की नाही, माहीत नाही.

तीन आठवड्यांनी नवरा बॅग घेऊन आला. सकाळी अकराची वेळ. मी खिडकीतून बघितलं आणि आतून कडी लावली, वरचा बोल्ट लावला. हात वर करताना बरगड्या किती दुखल्या ते सांगत नाही.

"उघड."

"उघडणार नाही."

"माझं घर आहे."

"मुचलक्यावर सही पण तुमची आहे."

त्याने दाराला लाथ घातली. मग एकामागून एक. सागवानी दार, जुनं, पण बिजागरीचे स्क्रू ढिले होते. प्रत्येक लाथेला चौकटीतून चुना गळत होता. घरात मला जे जे म्हणायचा ते सगळं त्याने गल्लीला ऐकवलं. मी दारामागे खुर्ची ठेवून तिच्यावर बसले. दाराचा धक्का खुर्चीतून माझ्या पाठीला कळत होता. छातीत ठोके कानापर्यंत वाजत होते. जिभेखाली ठेवायची गोळी मुठीत धरली होती. ठेवू की नको, असा विचार करत होते, कारण दुखत नव्हतं. भीती वाटत होती, पण दुखत नव्हतं. आता मला दोन्हीतला फरक कळतो. समोरच्या घरातली बाई ओट्यावर येऊन कन्नडमध्ये म्हणाली, "पोलिसांना फोन केलाय मी." केला होता की नुसतं म्हणाली, ते मी अजून विचारलेलं नाही.

लाथा थांबल्या. थोड्या वेळाने मुलाच्या स्कूटरचा आवाज आला. त्याने बापाला धरलं, मागे बसवलं, बॅग पुढे ठेवली. नवऱ्याच्या एका पायातली चप्पल तुटली होती आणि अंगठ्याचं नख निघालं होतं. मग मुलगा खिडकीशी आला. गजातून आत बघत म्हणाला,

"आई, असं किती दिवस चालणार?"

"मी जिवंत आहे तोवर," मी म्हटलं, आणि जाताना बिजागरीला माणूस लावून दे म्हणून सांगितलं.